मिस्टर ब्राउनची वही

४ मार्च, सोमवार

निवृत्त झाल्यापासून आज पहिल्यांदा कोणीतरी मला शिकवायला सांगितलं. आणि तेही कोणी, तर केलेपीने! माझा धाकटा भाऊ, वय सत्तावन्न, शाळेत असताना इंग्रजीच्या तासाला आंब्याच्या झाडावर जाऊन बसणारा. अर्थात तो स्वतः आला नाही, बायकोला पाठवलं.

सिआले दोन नीरफणस घेऊन आली, ओसरीवर बसली, वाऱ्यापाण्याचं बोलली, माझ्या कोंबड्यांचं कौतुक केलं. मी म्हटलं, "सिआले, कोंबड्या तुझ्याकडेही अशाच आहेत. काम काय ते बोल."

"वन्सं, ह्यांना इंग्रजी शिकायचंय."

मला हसू आवरेना. पण तिने सगळं सांगितलं तेव्हा आवरलं. त्यांचा मुलगा लोपिनी ब्रिस्बेनला असतो. त्याच्या आठ वर्षांच्या रूबीला आपली टोंगन भाषा येत नाही. परवा फोनवर तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही लहान असताना काय करायचात?" केलेपी म्हणाला, "येस." तिने परत विचारलं. हा परत, "येस." पोरीने कंटाळून फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून म्हणे तो जेवताना कोणाशी बोलत नाही. नाताळात रूबी पहिल्यांदा बेटावर येणार आहे, तोवर त्याला तिला एक तरी गोष्ट सांगता यायला हवी.

"गोष्टीला भूतकाळ लागतो," मी म्हटलं, "आणि तुझ्या नवऱ्याला तर वर्तमानाचाही पत्ता नाही."

पण हो म्हटलं. अडतीस वर्षं गावच्या पोरांना काळ शिकवले आणि सख्खा भाऊ कोरडा राहिला. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणत असतीलच.

९ मार्च, शनिवार

पहिला तास. फजिती झाली.

भाऊ-बहीण वयात आले की आमच्यात एका खोलीत बसत नाहीत. केलेपी तेराचा झाला तेव्हा तो झोपायला काकांकडे जाऊ लागला, आणि आजही मी कुठे शिरले की तो उठून बाहेर जातो. थोरल्या बहिणीचा मान असा की तिच्यासमोर थट्टा नाही, अंगाचं-दुखण्याचं काही नाही, कोणाच्या लग्नाचा विषयसुद्धा नाही. तिने सांगितलं की ते करायचं, आणि तिने नाही सांगितलं तर वाट पाहायची.

म्हणून तो बाहेर पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. मी आत, दार अर्धं लोटलेलं. मी इंग्रजीत विचारलं, "काल तू काय केलंस?" पुन्हा विचारलं. त्याच्या मानेवर घाम दिसला. "ताई, काल... काल मी..." आणि उठून चालता झाला. संध्याकाळी सिआलेकडून कळलं, काल त्याने डुक्कर खच्ची केलं होतं. ते बिचारा बहिणीला कोणत्याही भाषेत कसं सांगणार!

तेव्हा आता वही. रोज तीन वाक्यं लिहायची, सिआलेने आणायची, मी लाल पेन्सिलीने तपासायची, सिआलेने परत न्यायची. एक नियमही घालून दिला: स्वतःबद्दल लिहायचं नाही, लिहिताना अडशील. एक माणूस घे आणि सगळं त्याच्यावर ढकल.

२१ मार्च, गुरुवार

त्याने मिस्टर ब्राउन घेतला आहे. आमच्या जुन्या शाळेच्या पुस्तकातला हा गोरा गृहस्थ रोज नऊ वाजता टोपी घालून कचेरीत जायचा. केलेपीचा मिस्टर ब्राउन टोपी घालतो, पण त्याला चार डुकरं आहेत आणि तो "काल कंद लावतो."

चूक त्याची नाही. आपल्या भाषेत क्रियापद गावच्या पाटलासारखं बसून राहतं, धावपळ करतात ते पुढचे छोटे शब्द. 'ना'ए' आला की झालं, 'ओकू' आला की चालू आहे, 'ते' आला की व्हायचं आहे. इंग्रजीत क्रियापदालाच उठून कपडे बदलावे लागतात. हे मी समासात लिहून पाठवलं. खाली त्याने लिहिलं, "मिस्टर ब्राउनकडे एकच सदरा आहे." दहापैकी चार.

१० एप्रिल, बुधवार

साधा भूतकाळ. आजची तीन वाक्यं:

"मिस्टर ब्राउन लहान असताना नीरफणसाच्या झाडावरून पडला. त्याच्या बहिणीने त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. ती रडली, तो रडला नाही."

खोटारडा! रडला तोच. माझ्या खांद्यावरून शेंबूड ओघळत होता, अजून आठवतोय. मी समासात लिहिलं, 'तपासून पाहा.' आणि मग, सांगायला लाज वाटते, एकटीच बसून रडले. त्या झाडाचं नाव तो पन्नास वर्षांत माझ्यासमोर काढू शकला नव्हता. वहीत काढलं.

फक्त दोन क्रियापदं चुकली होती.

१७ मे, शुक्रवार

आसपास जे इंग्रजी दिसेल ते वाच, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. डब्यांवरचं, बियांच्या पाकिटांवरचं, दवाखान्याच्या भिंतीवरचं. त्याने ते भलतंच मनावर घेतलेलं दिसतं. आज लिहिलंय की मिस्टर ब्राउनला काल लघवीत रक्त दिसलं.

माझी कानशिलं तापली. सख्ख्या बहिणीच्या पुढ्यात असलं वाक्य! भिंतीवरच्या कागदावरून उतरवलं असणार. परक्या भाषेतल्या शब्दांची लाज वाटत नाही माणसाला, अर्थ अंगाला भिडत नाही ना. सिआलेला तरी कसं सांगू, की नवऱ्याला म्हणावं असलं लिहू नको? त्यासाठी मला ते तोंडाने उच्चारावं लागेल. शेवटी तळहाताने बाकीची ओळ झाकली आणि नुसतं क्रियापद उघडं ठेवलं. 'काल' असूनही त्याने 'हॅज सीन' लिहिलं होतं. त्याचं 'सॉ' केलं आणि पान उलटलं.

१२ जून, बुधवार

आज मोठा दिवस! चालू पूर्ण वर्तमानकाळ. मागे सुरू झालं, अजून संपलेलं नाही, ते सांगायचा काळ. माझ्या हुशार मुलीही ह्यात गटांगळ्या खायच्या. आणि केलेपीने सलग तीन वाक्यं लिहिली, 'हॅज बीन' अगदी जागच्या जागी. मिस्टर ब्राउनला फेब्रुवारीपासून त्रास होत आला आहे. मिस्टर ब्राउन एप्रिलपासून बारीक होत चालला आहे. तिसरंही तसलंच, मी झाकून वाचलं. भिंतीवरचा तो कागद अजून संपलेला दिसत नाही. असो. काळ अचूक होते. लाल चांदणी काढली.

सिआले वही घ्यायला आली ती उंबऱ्यातच घुटमळली.

"वन्सं, तुम्ही सगळं वाचता ना ह्यांचं?"

"नाही, वास घेते! अगं, अडतीस वर्षं काय केलं मी?"

ती हसली नाही. वही छातीशी धरून गेली. मला वाटतं, तिला थोडा हेवा वाटतो. नवरा शिकतोय आणि ही तिथेच.

३ जुलै, बुधवार

रविवारी चर्चमध्ये केलेपी गायकांत नव्हता. मागच्या बाकावर बसला होता, एका अंगावर कलून. चर्चला जाताना आम्ही कमरेला गुंडाळतो ती चटई पूर्वी त्याला एक वेढा जायची, आता जवळजवळ दोन जाते. ह्या वयात डोक्याला ताण दिला की अंगावर उमटतो. अळूच्या पानात नारळाचं दूध आणि मांस घालून भट्टीत भाजलं आणि सिआलेबरोबर पाठवलं. निरोप दिला, अभ्यास थोडा कमी कर.

त्याने कमी केला नाही. "मिस्टर ब्राउन रात्री पाच वेळा उठतो." सवयीसाठी साधा वर्तमान, बरोबर. दहापैकी आठ. अक्षर मात्र बिघडलंय, त्याचे दोन गुण कापले.

३० जुलै, मंगळवार

मी घरात एकटीच ओरडले. जर-तर! मी त्याला अजून जर-तर शिकवलंच नाही, भविष्यकाळच नुकता सुरू केलाय. आणि हा लिहितो:

"मिस्टर ब्राउन घाबरला आहे. तो डॉक्टरकडे जाणार नाही. त्याची बहीण 'जा' म्हणाली, तर तो जाईल."

एकही चूक नाही. मोठ्ठे दहापैकी दहा दिले, खाली 'शाब्बास' लिहून दोन रेघा ओढल्या. पालथ्या घड्यावर पाणी समजत होते, घडा कधी सरळ झाला कळलंच नाही. संध्याकाळी त्या आनंदात मासा तळून खाल्ला.

१४ ऑगस्ट, बुधवार

केलेपी व्हॅनिलाच्या मळ्यात पडला. दोघांनी उचलून गाडीत घातला, नेइआफूच्या रुग्णालयात नेला. मी घराच्या दारात उभी होते. गाडी समोरून गेली तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

काय झालंय ते मला कोणी सांगत नाही. म्हणजे कमरेखालचं काही असणार. मीही विचारत नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

सिआले आली. बसली नाही. रूढीप्रमाणे ती मला सांगू शकत नाही आणि मी तिला विचारू शकत नाही, अशा आम्ही दोघी कितीतरी वेळ उभ्या होतो. मग तिने वही टेबलावर ठेवली.

"वन्सं, आज पेन्सिल घेऊ नका," ती म्हणाली, "नुसतं वाचा."

मी वाचलं. हात न ठेवता वाचलं.

त्यात सगळं आहे. कधी सुरू झालं, किती वेळा, कुठे दुखतं, कुठल्या कुशीवर झोप लागते. प्रत्येक पानावर माझं लाल बरोबरचं चिन्ह आहे. एके ठिकाणी चांदणी आहे.

"डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात आणलं असतं तर..." सिआले म्हणाली.

"तू का नाही मला..."

"मी म्हटलं ह्यांना, मी जाऊन सांगते वन्संना. तर म्हणाले, कशाला? ताई रोज वाचते. तिला सगळं माहीत आहे. जायचं असतं तर ती 'जा' म्हणाली असती." ती हाताच्या पाठीने डोळे पुसत होती. "त्या दिवशी तुम्ही दहापैकी दहा दिलेत ना, तेव्हा मला दाखवायला घेऊन आले. म्हणाले, बघ, ताई घाबरलेली नाही, मग आपण कशाला घाबरायचं?"

२१ ऑगस्ट, बुधवार

लिहवत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

त्याला मंगळवारी घरी आणलं. कापण्यासारखं काही उरलं नाही, गाठ हाडांत गेली. तो आतल्या खोलीत असतो. मला आत जाता येत नाही. ते मी आता मोडलं तर त्याला आणखी लाज वाटेल, म्हणून मोडत नाही. बाहेरून त्याच्या भिंतीला पाठ लावून चटईवर बसते. भिंत लाकडी आहे, फटी आहेत, श्वास ऐकू येतो.

पहिले तीन दिवस आम्ही दोघेही गप्प. आज मी इंग्रजीत विचारलं, "मिस्टर ब्राउन आज कसा आहे?"

मग आतून, इंग्रजीतच, "मिस्टर ब्राउनला दुखतंय."

"कुठे?"

आणि त्याने सांगितलं. मी विचारलं, त्याने सांगितलं. आमच्या भाषेत जे दोघांपैकी कोणाच्याही तोंडून मरेपर्यंत निघालं नसतं, ते त्या परक्या भाषेत एकेक करून निघालं. त्या भाषेत 'ताई' हा शब्दच नाही. त्याने मला 'लोसालीने' अशी नावाने हाक मारली. जन्मात पहिल्यांदा. मला ती गोड लागली.

"मी वाचलं नाही, केलेपी," मी म्हटलं.

"वाचलंस की. क्रियापदं वाचलीस." तो हसला आणि हसण्याने त्याला कळ आली. "मिस्टर ब्राउनची बहीण फार कडक मास्तरीण होती. अक्षराचे दोन गुण कापले तिने."

मी भिंतीवर डोकं टेकलं. आत सिआले त्याला पाणी पाजत होती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तो आता लिहू शकत नाही. तो आतून सांगतो, मी बाहेर उतरवते. तीन वाक्यांचा नियम मोडला, सुचेल तितकं सांगतो. आंब्याचं झाड, काकांचं गळकं तारू, वादळात उडालेलं चर्चचं छप्पर आणि त्याखाली सापडलेली डुकरीण. सगळं मिस्टर ब्राउनने केलेलं. चुकतो भरपूर. मी चुकतो तसंच लिहून घेते.

"नाताळाला किती दिवस?" त्याने विचारलं.

"ब्याण्णव."

"मिस्टर ब्राउन असेल?"

अडतीस वर्षं पोरांना उत्तरं दिली. हा प्रश्न मी नुसता वहीत उतरवला.

"वही रूबीला दे," तो म्हणाला. "तपासून दे. पोरीने उगाच चुकीचं शिकायला नको."

१२ ऑक्टोबर, शनिवार

काल पहाटे गेला.

मी थोरली बहीण, म्हणून मला त्याच्या उशाशी बसवलं. मान माझा. सिआले सुतकाची फाटकी चटई कानापर्यंत लपेटून पायांशी बसली, आणि जिने रात्र-रात्र त्याचं सगळं केलं ती डोकं वर काढत नव्हती. लोक रांगेने येत होते, त्याच्या कपाळाचं चुंबन घेत होते, गात होते. चव्वेचाळीस वर्षांनी आम्ही एका खोलीत होतो आणि तो उठून बाहेर गेला नाही. असला मान कुत्र्याच्याही वाट्याला येऊ नये.

दुपारी मी सिआलेला हाताला धरून वर आणलं, माझ्याशेजारी बसवलं. म्हाताऱ्यांनी भुवया चढवल्या. चढवू देत.

२२ डिसेंबर, रविवार

लोपिनी अंत्यविधीला एकटाच येऊन गेला होता. आता बायको आणि रूबीला घेऊन ठरल्याप्रमाणे आला आहे. चर्चनंतर मोठी माणसं जेवून लवंडली तेव्हा रूबी माझ्या ओसरीवर आली. बारीक, गुडघ्यावर खपली, केलेपीचेच कान. मी वही तिच्या हातात दिली. तपासलेली नाही. सप्टेंबरपासून लाल पेन्सिल मी घरात ठेवलेली नाही.

मुलं पुस्तक कुठूनही उघडतात. तिने मध्येच उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. अर्ध्या पानात थांबली.

"आजी, मिस्टर ब्राउन आजारी आहे."

"हं."

"नाही, खरंच आजारी आहे तो. रक्त येतंय त्याला. त्याला लगेच डॉक्टरकडे न्यायला पाहिजे." तिने बोट खाली सरकवलं. "हे बरोबरचं चिन्ह कोणी केलं?"

"मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, नुसतं समजून घ्यायचं म्हणून. "तू वाचलं नव्हतंस का?"

आठ वर्षांच्या पोरीला जे एका वाचनात कळलं, ते मला कळलं नाही, ह्याला मी रूढीचं नाव देऊ शकले असते. तिला ते समजलंही असतं.

"नाही," मी म्हटलं. "तपासलं. वाचलं नाही."

तिने थोडा विचार केला. मग माझ्याजवळ सरकून बसली, वही दोघींच्या मांडीवर पसरली आणि म्हणाली, "मग आता वाचू या. पहिल्यापासून."

टोपी आली, चार डुकरं आली, एकुलत्या सदऱ्यावर ती खूप हसली. झाडावरून पडण्यापाशी पोचली तेव्हा बोट ठेवून सावकाश वाचलं. "त्याच्या बहिणीने त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. ती रडली, तो रडला नाही." समासात माझंच लाल अक्षर होतं, 'तपासून पाहा.' तिने मान वर करून माझ्या ओल्या गालांकडे पाहिलं.

"बरोबर लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "पान उलट."